जरबेराची मान

जळगाव, १२ जुलै २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू दिलेला तिसरा जरबेराही गेला गं! पारोळ्याचं घर विकलं तेव्हा आईच्या अंगणातला गड्डा तू नेलास. तेव्हापासून दर पावसाळ्यात तुझ्याकडे फुटवा मागायचा आणि मारायचा, हेच चाललंय. तू सांगतेस तस्साच खोल पुरते, गळ्यापर्यंत माती ओढते. हे म्हणतात, बाईसाहेब, प्लास्टिकची फुलं लावा. आईचं एवढं एक माझ्या दारात असावं, बाकी मला काही नको. माझ्या हातालाच गुण नाही का गं?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी वेंधळी,
नूतन

धुळे, २० जुलै

चि. नूतनला,
अनेक आशीर्वाद.

रडूबाई, जीव नको जाळूस. जरबेरा भारी नखरेल, सगळ्यांकडे नाही जगत. आईचा हात माझ्याकडे आला, त्याला तू तरी काय करणार? पुढचा फुटवा देईन तो आणखी खोल लाव. माझ्याकडे सध्या बावीस फुलं आहेत, गल्लीतल्या बायका बघायला येतात. अमृतरावांना नमस्कार सांग.

तुझी अक्का,
सुंदर

जळगाव, ४ ऑगस्ट

अक्का,

आज नशिराबादच्या रोपवाटिकेत गेले होते. तिथले झुलालभाऊ पूर्वी धुळ्यात रोपं विकायचे. जरबेरा फार अवघड, असं मी म्हटलं, तर ते हसायलाच लागले. म्हणाले, त्यात काय अवघड शे? मान मातीवर ठेवा, गाडी दिधी ते मरी जास. म्हणजे पानं फुटतात ती मान मातीत पुरली की रोप मेलंच. धुळ्याच्या सुंदरबाईंनाही पाच वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं म्हणे, त्यांचेही आधी दोन मेले होते.

पाच वर्षं तुला माहीत होतं! तरी मला खोल लाव, आणखी खोल लाव. मी आपली स्वतःच्या हातांना बोल लावत बसले. परक्याने केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. तू अशी कशी गं वागलीस?

नूतन

धुळे, ११ ऑगस्ट

नूतन,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. झुलालभाऊ खरं बोलले. आईचं सगळं मी केलं, पण तिचे डोळे शेवटपर्यंत तुझ्या वाटेकडे. वाटलं, तिचं काहीतरी माझ्या एकटीचं असू दे. चुकले मी. अख्खा गड्डा एस.टी.च्या पार्सलने पाठवते. एकही फुटवा मागे ठेवला नाही.

सुंदर

जळगाव, १६ ऑगस्ट

अक्का,

गड्डा मिळाला. मधोमध कापला, पारोळ्याहून निघतानाच तू कापायला हवा होतास. माझा अर्धा मान वर ठेवून लावला. राग गेलेला नाही, एवढ्यात जाणारही नाही. गणपतीला ये म्हणणार नाही. लोभाचं पुढे बघू.

तुझा अर्धा परत पाठवते आहे. कसा लावायचा, ते तुला सांगायला नको.

नूतन