बिनदुधाच्या वड्या

पोशीर, मंगळवार, दुपार

आदरणीय ललितावहिनींस,

नंदाचा वाकून नमस्कार. दादांचा गुडघा आता मांडी घालू देतो का? तुमचा खोकला गेला का? आणि गोठ्यातल्या गाभण म्हशीची तब्येत कशी आहे? (हे उगाच विचारत नाही.) आम्ही इकडे मजेत. फोनच केला असता, पण सोनाली रजेवर घरी आहे आणि आमच्या लेकीचे कान तुम्हाला माहीत आहेत, म्हणून तुमच्या खालापूरकडे निघालेल्या विकासच्या टेंपोबरोबर ही चिठ्ठी.

तर वहिनी, सोनालीने स्वतः पसंत केलेला मुलगा, दहिवलीचा किरण, रविवारी पहिल्यांदा घरी येऊन गेला. आदल्या आठवड्यात लेकीने फर्मान काढलं, आम्ही दोघं वीगन आहोत. म्हणजे दूध, दही, तूप, ताक, मध, काही चालत नाही. वीस वर्षं ज्या घराची चूल दुधाच्या रतिबावर पेटली, त्या घरात हे! आमचे हे बिचारे विचारायला लागले, हे कोणत्या देवाचं व्रत आणि उद्यापन कधी? सोनालीने सरळ माझ्या मोबाइलवर कृती पाठवली. फळांचं सारण भरून भाजलेल्या चौकोनी वड्या, बिनदुधाच्या. पहिल्याच भेटीत मुलाचा घास अडला तर सोयरीकही अडायची, या धास्तीने मी तीन दिवस ती कृती पाठ करत होते.

कृतीत खोबरेल तेल लिहिलं होतं. घरात खोबरेल एकच, मोरीतल्या फळीवरचं. तेच पिठात ओतलं, कुकरची शिट्टी-रिंग काढून तळाला मीठ पसरलं, डबा आत ठेवला, आणि अर्ध्या तासात घरभर न्हाणीघराचा वास सुटला. (बाटलीवर जास्वंदीचं चित्र होतं. मी ते शोभेचं समजत होते.) ह्यांनी तरी एक वडी खाल्ली, माणूस भला आहे, आणि म्हणाले, डोक्याला गार वाटतंय. दुसरा घाणा नारळाच्या दुधात केला तर सोनाली ओरडली, दूध? मी म्हटलं, बाई गं, नारळाला कोणी दावणीला बांधत नाही. तो घाणा मात्र झकास जमला. तांदळाचं पीठ, गूळ, मधे करवंदांचं सारण. करवंदं डोंगरावरच्या वाडीतल्या ठमीने आणली, आणि आंबटपणाला चार कच्चीही तिनेच टाकली.

किरण आला, बसला, वडी उचलली. ठमी दारातच होती, कौतुकाने म्हणाली, "खा रं बाबा. कच्च्या करवंदाला लय चीक हाय, माजं हात आजून चिकाट हायत."

झालं! घास तोंडाशी थांबला, डोळे एवढाले. "काकू, चीक? चीक आहे घरात?"

घ्या आता! व्यायलेल्या म्हशीचा तोही चीक आणि झाडाचा तोही चीक, आपल्या वाडवडलांना दुसरा शब्द सुचू नये? मी ठमीचे दोन्ही हात धरून त्याच्यापुढे नाचवले. अरे हा झाडाचा, म्हशीचा नाही, खरवसाचा तर मुळीच नाही, देवाशपथ! तेव्हा त्याचा चेहरा एकदम पडला. मी समजले, पोराचा जीव भांड्यात पडला. मग त्याने मुकाट सात वड्या खाल्ल्या. साखरपुडा पुढच्या महिन्यात! मला इतका आनंद झालाय की उरलेल्या वड्या मी म्हशींना घातल्या. (जास्वंदीच्यासुद्धा. केस छान चमकतायत.)

तुमची लाडकी नणंद,
नंदा

ता. क. निघताना चपला घालायच्या निमित्ताने किरण माझ्या कानाशी वाकला. "काकू, खरोखरचा चीक मिळाला तर थोडा खरवस ठेवाल? सोनालीला सांगू नका. ती वीगन आहे म्हणून मी झालो."

आणखी ता. क. काल भाकऱ्या थापत होते, तर सोनाली मागून गळ्यात पडली. "आई, खालापूरच्या मामीची म्हैस व्यायली की चीक मागव ना गं. किरणला कळू देऊ नकोस. तो वीगन आहे म्हणून मी झाले." पिठाच्या हाताने तोंड दाबून हसले, अजून नाकात पीठ आहे.

शेवटचं ता. क. आमच्या दोन्ही म्हशी आटल्यात. तेव्हा तुमची व्यायल्याबरोबर चीक पाठवा, पण दोन वेगळ्या किटल्यांत. आणि दोन्हींवर चिठ्ठी डकवा, 'करवंदाचा'.