नामंजूर बदली आणि वायरमनचा वर्ग

कर्जत, १२ जानेवारी १९७४

प्रिय सौ. शालिनीस,

तुमच्याकडे देवरुखला बदली मिळावी हा माझा अर्ज नामंजूर झाला, असं आज हेडक्लार्क अब्बासभाईंनी सांगितलं. तू काळजी करू नकोस. खानावळ बरी आहे.

वायरमनच्या वर्गाला मी शिकवतो ते इंग्रजी नकोच होतं. त्यातला नागू म्हणायचा, "सर, तारेला इंग्रजी कळत नाय!" मग मीच त्याच्याकडून स्विच जोडायला शिकलो, प्रश्न मात्र इंग्रजीत विचारले. आता सगळी पोरं इंग्रजीत उत्तरं देतात.

तिथंच मी अडकलो. प्राचार्य म्हणतात, "तुम्ही गेलात तर यांना कोण सांभाळणार?"

बेबीचा खोकला थांबला का?

सोमवारी पुन्हा अर्ज देतो. त्याच दिवशी नागू पंख्याची जोडणी इंग्रजीत समजावणार आहे, आणि प्राचार्य ऐकायला येणार आहेत.

तुम्हा दोघींच्या आठवणीत,
दिगंबर