चित्रात काय आहे, तेवढंच

आणि बाई, तुमी मले एकदाही ‘काहून’ म्हणून विचारलं नाही, ते मले अजून पटलं नाही. तुमी माझा लेख छापलेला पेपर टेबलावर ठेवला, चष्मा पुसला अन् म्हणाल्या, “हे असंच मी तिकडे लिहीत होती.” मग पाठ करून चहा टाकला, एकाच कपाचा.

आता कोणाले सांगितलं तर खरं वाटत नाही, का अमरावतीच्या मिशन शाळेत ड्रॉइंग शिकवणारी एक जर्मन बाई होती अन् ती मराठी बोलायची आमच्या मळ्यातली. तुमच्या दोन खोल्या मळ्याले लागून. माझे बाबा सकाळी भाजी घेऊन येत, अन् त्यायच्याशी भांडून-भांडून तुमी भाषा शिकल्या. वांगं उलटंपालटं करून म्हणायच्या, “हे जून हाय, मले फसवता काय?” बाबा म्हणायचे, “मेमसाहेब, वांगं कवळं हाय, नजर जून झाली तुमची.” एकदा स्टोवजवळ तुमी मले सांगितलं, “तुमच्या बाजारात कोणतीही बाई भेंडी मोडून तोंडावर सांगते, चांगली का वाईट. आमच्याकडे चित्राबद्दल असं छापणं सरकारनं बंद केलं. चित्रात काय आहे तेवढंच लिहा, चांगलं कोणतं ते आमी ठरवू.” तसं तुमी तिकडच्या पेपरात काही दिवस लिहिलं बी: एक नांगर, दोन घोडे, तीन सैनिक. मग पेपर सोडला, देश सोडला.

मले तर तुमच्यामुळंच चित्रांचं याड लागलं. अकोल्याच्या प्रदर्शनावर मी लिहावं, हे तुमीच संपादकाले सांगितलं. लढाई सुरू झाली होती. जर्मन म्हणून तुमाले ठाण्यात हजेरी द्यावी लागे, अकोल्याची परवानगी एकाच दिवसाची. बडनेऱ्याहून आपण गाडीत उभ्यानंच गेलो. हॉलमधे सगळ्यात मोठं चित्र कमिशनर साहेबाच्या मेमनं काढलेलं, बाळापूरचा किल्ला. तुमी कानात विचारलं, “तुह्या बापानं काय म्हटलं असतं?” मी म्हणाली, “शिळ्या मेथीवर पाणी मारलं हाय.” तुमाले इतकं हसू आलं का चपराशी वळून पाहायले लागला. “हेच लिही,” तुमी म्हणाल्या.

मी लिहिलं: चित्रात किल्ला आहे, समोर नदी आहे, दोन बुरूज दिसतात, फ्रेम सोनेरी आहे.

इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडून राहिली. मी काय करायले पाहिजे होतं? त्या साहेबाच्याच सहीनं तुमी कॅम्पाबाहेर होत्या. जर्मन बाईनं शिकवलेली पोरगी मेमच्या चित्राले शिळं म्हणते, असं छापलं असतं तर तुमाले दुसऱ्या दिवशी उचललं असतं. मी तुमाले वाचवून राहिली होती, अन् तुमी तोंड फिरवलं. अन् झालं काय? महिन्याभरात तुमाले नेलंच. ज्यांच्यापासून पळून आल्या, त्यांच्यातलीच म्हणून कॅम्पात टाकलं, अन् तिथंच तुमी टायफॉइडनं गेल्या. बाबा अजून चिडतात: “तिनं तिकडच्या सरकारले शिव्या दिल्या, अन् इंग्रजायनं तिलेच धरलं. अक्कल इकून खाल्ली काय?”

आता मीच चित्रांवर लिहिते, अन् बऱ्यापैकी कडक लिहिते. परवा अकोल्यात मले भाषणाले बोलावलं होतं. तिथं मी तुमाले वाचवल्याची गोष्ट रंगवून सांगायले लागली अन् मधेच अडकली. कारण त्या दिवशी तसं झालंच नव्हतं. संपादक म्हणाले होते, “मेमबद्दल वाकडं लिहिशील तर छापणार नाही. सरळ लिहिशील तर खाली तुझं नाव टाकतो.” मले नाव पाहिजे होतं, बाई. तुमाले उचलतील, हा विचार मले तुमाले नेल्यावर सुचला, अन् मग मी तो मागं नेऊन चिकटवला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. पेपरात खाली माझं नाव वाचलं तेव्हाच तुमाले सगळं समजलं असावं, असं आता वाटते. मग तुमीच सांगा, मी हे चित्रांवर लिहिणं चालू ठेवू काय?