उंबऱ्याशी थांबणारी पावलं

३ जानेवारी

चि. खारूताई हिस अ. आ. वि. वि.

कर्र, कर्र, मग जरा थांबून पुन्हा कर्र. ताज्या बर्फावरचा दादाच्या बुटांचा हा आवाज सत्तर वर्षांपूर्वीचा. तुझं पत्र वाचलं आणि कानात परत वाजायला लागला. तो पुढे चालायचा, मी त्याच्या ठशात पाय टाकत मागून. शाळेत मी कवितेचे चरण मोजायचो, तो सशाचे. गुरुजी म्हणायचे, एकाच घरातले दोघे, एक शब्दांत हरवलेला, दुसरा रानात.

हिवाळाभर रानात राहून जनावरांचा माग काढायला शिकणार म्हटल्यावर तुझ्या आईने कपाळाला हात लावला. मी मात्र मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. दादा, म्हणजे तुझे मोठे आजोबा, जन्मभर वनरक्षक; त्यांना हे कळायला हवं होतं. पण सांगणार कोण? तुझी आजी गेली तेव्हा ते जखमी अस्वलाच्या मागावर होते, तिसऱ्या दिवशी उगवले. मी दुःखाच्या भरात बोलून बसलो, की पुन्हा माझा उंबरा ओलांडायचा नाही. ते मान खाली घालून गेले. पुलापलीकडे राहतात, आणि सहा वर्षं झाली.

मफलर वापर. लोभ आहेच, पत्रांनी तो ऊबदार ठेव.

तुझा आजोबा

११ जानेवारी

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

मफलर गळ्यात आहे, आईला सांगा. पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. उडी मारताना सशाचे मागचे मोठे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. मी ठसे उलटे वाचले आणि ससा जिथून आला तिकडेच दोन तास त्याला शोधत गेले. आमच्या बाई, ज्यांचे केस या कामात पांढरे झालेत, एवढंच म्हणाल्या, की ससा नाही तर नाही, त्याचं माहेर तरी बघून आलीस.

दुसरा धडा असा, की वाटेवर दबा धरून बसायचं नाही. जनावराला चाहूल लागली की ते वाटच सोडतं. आणि कोल्हा बघून तुमचीच आठवण आली. त्याचा मागचा पाय नेमका पुढच्या पायाच्या ठशात पडतो.

मोठ्या आजोबांना एक ओळ लिहा ना. रागावू नका, लोभ तसाच ठेवा.

तुमची खारूताई

१९ जानेवारी

चि. खारूताई हिस अ. आ.

ओळ लिहायला तीनदा बसलो. मायना जमतो, पुढे गाडी अडते.

पण आता तू माझा पेपर तपास. ओळीने तीन सकाळी फाटकातून पावलं आत येतात, पायरीशी थांबतात, तिथला बर्फ चांगला तुडवलेला असतो, आणि तशीच परत जातात. उंबऱ्याला स्पर्शही नाही. टाचेला लोखंडी नाल आहे. बुटाला नाल ठोकून घेणारा माझ्या माहितीत एकच माणूस! त्या वेळी मी आतल्या खोलीत पाठ कविता मोठ्याने म्हणत असतो, त्यामुळे चाहूल लागत नाही. दारामागे बसून राहिलो असतो, पण तुझा दुसरा धडा आठवला. त्याने वाटच सोडली तर?

पट्टीने मोजून चित्र काढलंय, सोबत आहे. ठसे मोडू नयेत म्हणून दूधवाल्याला कुंपणाच्या कडेने यायला लावलं. म्हातारा चळला, असं तो शेजारी सांगत होता. लवकर उत्तर दे.

तुझा उतावळा आजोबा

२७ जानेवारी

ती. आजोबांस सा. न.

चित्र बाईंना दाखवलं. कसं लिहू कळत नाही. बूट मोठ्या आजोबांचे असतीलही, पण चालणारं माणूस ते नव्हे, असं बाईंचं म्हणणं. ठसा जेमतेम बोटभर रुतलाय, पावलांत हातभरच अंतर आहे, आणि आत पाय सैल असल्यामुळे टाच घसटत गेलीय. कुणीतरी हलकं माणूस, एखादी बाई किंवा मूल, मोठ्यांचे बूट घालून आलंय. मोठे आजोबा तर दारात उभे राहिले की उजेड अडायचा.

ते बूट दुसऱ्याच्या पायात का, याचा विचार मी करत नाही. तुम्हीही करू नका. जपा.

तुमची खारूताई

४ फेब्रुवारी

चि. खारूताई हिस आमचे अ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस घास उतरला नाही. माणसाचे बूट दुसऱ्याच्या पायात कधी जातात, ते या वयात सांगावं लागत नाही. दादा गेला, आणि मला कळवावं असंही कुणाला वाटलं नाही, हेच डोक्यात. आज उजाडताच दबा न धरण्याचा नियम मोडला. कविता म्हटली नाही. दारामागे स्टूल टाकून बसलो.

कर्र, कर्र, मग जरा थांबून पुन्हा कर्र.

दार उघडलं. बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी एकूण एक खूण बरोबर वाचली. बुटांतले पाय दुसऱ्याचे नव्हते, दादाचेच होते, एवढंच. आत माणूस उरला नव्हता. एकेकाळचा डोंगराएवढा दादा, अंगावर खुंटीला टांगल्यासारखा कोट. वर्षभर आजारी होता म्हणे. सकाळची कविता ऐकायला यायचा. आज आवाज नाही म्हणून जीव घाबरला, म्हणाला. आणि लगेच हेही, की सहा वर्षं झाली तरी त्याच ओळीला अडखळतोस, जरा पाठ कर.

आत ये म्हटलं, तरी पायरीखालीच उभा. तेव्हा मी अनवाणी बर्फात उतरलो, त्याच्याकडे पाठ करून पुढे झालो, आणि म्हटलं, आज मी पुढे चालतो, तू माझ्या ठशात पाय टाक.

आता लोभ दोघांत वाटून दे.

तुझे दोन्ही आजोबा