वेगवान गाडीचा थांबा

कोपर, डोंबिवली पश्चिम
रविवार

तीर्थस्वरूप लक्ष्मीताईस,
धाकट्या सुदेशचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे पुरता वाकलेलो नाही, पत्रात चालवून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? मी आणि हेमा ठीक. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

शौनकचं लग्न पुन्हा पुढे गेलं. मुलीकडून काही नाही, अडलंय ते घरापाशी. त्याचं ऑफिस ठाण्यात, घोडबंदर रोडला. तिथलं घर बघायला लिफ्टने वर गेलो आणि किंमत ऐकून जिन्याने खाली आलो (लिफ्टची वाट बघायचं बळ उरलं नव्हतं). आमच्या दोन खोल्यांत चौथं माणूस आलं, तर एकाला कायम गॅलरीत उभं राहावं लागेल. मैथिली, म्हणजे आमची होणारी सून, म्हणाली, "बाबा, घर लांब असलं तरी चालेल, पोचायला वेळ लागता कामा नये." कल्याणच्या पुढून ठाण्याकडे वेगवान गाडी सुरू होणार अशी बोलवा आहे, म्हणून तिकडेच घर बघायचं ठरलं. मलाही पटलं. एकमेकांच्या डोक्यावर मजले चढवत बसण्यापेक्षा लांबचं गाव जवळ आणलेलं काय वाईट?

तर बंटी नावाच्या एजंटाने आम्हाला एका भातखाचराच्या बांधावर उभं केलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही आत्ता प्लॅटफॉर्मवर उभे आहात." मी सवयीने दोन पावलं मागे सरकलो, तो थेट चिखलात बसलो. शेताचे मालक आनंदा धावत आले, मला उठवलं आणि बंटीवर उखडले. स्टेशन म्हणे त्यांच्या घरासमोर होणार. तेवढ्यात शेजारच्या गावचे दोघे आले. त्यांना थांबा देवळापाशी हवा होता. भांडण रंगलं. मीही चिखलाच्या पँटीनिशी ओरडलो, की मग कोपरलाही थांबली पाहिजे! (कोपरचा संबंध काय, मला अजून कळलेलं नाही.) मैथिली हळूच म्हणाली, "बाबा, सगळ्यांच्या दारात थांबली तर ती वेगवान कशी?" आनंदा म्हणाले, "बरोबर हाय पोरी. मंग फकस्त आमचे दारान थांबूं दे."

परतताना मी हसत होतो. शौनक हसला नाही. म्हणाला, "गाडी येईल तेव्हा येईल बाबा. तोवर आम्ही काय करायचं?" ताई, गाडी यायलाच हवी. पण रूळ पडेपर्यंत पोरांची वयं थोडीच थांबतात?

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्यांना तेल.

तुझा,
सुदेश

ता. क. : आमच्या घरात कुठेही वेळेवर पोचायची गरज नाही अशी माणसं दोनच, मी आणि हेमा. मुरबाडला तुझ्या शेजारी भाड्याने दोन खोल्या मिळतील का? कोपरची जागा मुलांना देऊ. हेमाला अजून विचारलेलं नाही, तेव्हा तू बोलू नकोस.

ता. क. : ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. खोल्या बघाच. स्वयंपाकघराची खिडकी मात्र रस्त्याकडे उघडणारी हवी. मुलं येताना लांबून दिसतील. – हेमा