साडूभाऊ, तुम्हीसुद्धा चिडायचात?

प्रिय साडूभाऊ,

तुम्ही गेल्याला दोन महिने होत आले. छातीत कळ काय आली आणि जालन्याहून फोन काय आला! दुकानात एका गिऱ्हाइकाचा मोबाइल उघडून बसलो होतो, तो तसाच टाकून निघालो. त्या दिवशी वाटलं होतं, याहून मोठा धक्का आता काय बसायचा? पण काल शोभाताईंनी दुसरा दिला. तो तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? म्हणून हे पत्र.

काल मी आष्टीला, आपल्या सासुरवाडीला गेलो होतो. ताई सध्या माहेरीच आहेत. चहा झाल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"संतोषराव, खरं सांगा. तुमचं अन् ह्यांचं काय वैर होतं?"

वैर? आपलं?

"दर दिवाळीला इथून घरी गेलो की दोन दिवस धड बोलत न्हवते," ताई म्हणाल्या. "म्हणायचे, 'त्याची ती धनुष्यवाली अन्यायाची हाय, मला खेळूच देत न्हाई. धाकट्याचं तोंड बघायची इच्छा न्हाई.' आता एका खेळापायी माणूस इतका पेटत असतो का? आतलं काय होतं ते सांगा. मला माझ्या बहिणीच्या घरी मोकळ्या मनानं यायचंय."

साडूभाऊ, तुम्ही? तुम्ही चिडायचात? अहो, दर दिवाळीला जळत घरी जाणारा मी होतो!

तुम्ही तो व्हिडिओ गेमचा डबा टॉवेलात गुंडाळून जालन्याहून आणायचात. पुढच्या खोलीतला टीव्ही आपल्या ताब्यात. तुमचा तो पैलवान: चाल बैलगाडीची, पण एकदा कवेत धरलं की समोरच्याचा अर्धा जीव खलास. माझी धनुष्यवाली लांबूनच बाण मारणार. पैलवानाला जवळ येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. आणि निकाल? एक तुमचा, एक माझा. इतकी वर्षं खेळलो, पण कुणी कुणाच्या फार पुढे गेला नाही.

मग चिडायचं कशाला, असं कुणीही विचारेल. पण मला काय व्हायचं माहीत आहे का? मी सगळा वेळ घाम गाळून तुम्हाला लांब ठेवायचो. एक चूक झाली की तुम्ही धरायचात, दुसऱ्यांदा धरलंत की खेळ खलास. सगळ्या बाणांवर पाणी! आणि मी जिंकलो तरी जीव असा टांगणीला लागलेला असायचा, की जिंकल्याचा आनंद कुठला? वाटायचं, साडूभाऊंना सोपं आहे, दोनदा धरलं की झालं.

आणि तुम्हाला वाटायचं, संतोषला सोपं आहे, लांबून बाण मारले की झालं! हरलात तर माझ्या अंगाला हातही न लावता हरलात, जिंकलात तर सगळा वेळ मार खाऊन जिंकलात. हे मला काल कळलं. दुसऱ्याच्या ताटातला लाडू मोठा दिसतो हे ऐकलं होतं, पण दोन्ही ताटांना एकाच वेळी तसं दिसतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा तरी तोंड उघडायचं होतं हो! 'पाव्हणं, गडी बदलून खेळू', एवढं म्हणायला काय लागत होतं? पण आपण पडलो जावई. सासुरवाडीत जावयानं रुसायचं ते मानपानावरून, खेळावरून रुसला तर गावभर हसं. त्यात साडूसमोर कमीपणा कोण घेणार? मग हरलेला म्हणायचा, "वा, मस्त खेळलात!" आणि दोघंही हसत जेवायला जायचो. खरा राग बायकांनी ऐकायचा. माझी वर्षा तर म्हणायची, "ताईच्या मालकांचं नाव काढलं की तुम्हाला काय होतं?"

ताईंना हे सगळं सांगितलं. त्यांना पटेना. मी समजूत घालतोय, असंच त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी गेल्या दिवाळीला तुम्ही इथंच ठेवून गेलेला तो डबा मी टीव्हीला जोडला, पैलवान त्यांना दिला आणि बटणं दाखवली. सासूबाई दारात येऊन थबकल्या. "अगं शोभे, हे काय!" म्हणाल्या, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, तिथंच बसल्या.

पहिल्या डावात मी ताईंना जवळ फिरकू दिलं नाही. त्यांनी रिमोट गादीवर आपटला. "हे काय खेळणं झालं? मला हातच लावू देत न्हाई तुम्ही!"

दुसऱ्या डावात कसं कोण जाणे, त्यांनी मला धरलं. सावरतोय तोवर परत धरलं. मी मेलो.

"ह्याला काय अर्थ हाय!" मी ओरडलो. अगदी मोठ्यानं, सासूबाईंच्या देखत!

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तुम्हीबी?"

"मीबी, ताई. दर दिवाळीला."

त्या हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मी वेड्यासारखा रिमोट धरून उभा. तुमचा फार राग आला मला तेव्हा. असं मध्येच उठून जातात का हो?

डोळे पुसून ताई म्हणाल्या, "परत लावा."

तिसरा डाव लावला. पैलवान हळूहळू पुढे येत होता आणि माझं बोट बटणावर अडलं. बाण सुटेना. सध्या सगळेच ताईंशी असे वागतात, त्या म्हणतील त्याला हो म्हणतात. ताईंनी टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, "तसं करू नका. त्यांच्याशी खेळायचे तसं खेळा."

साडूभाऊ, तुम्हाला वचन देतो. दिवाळी येईल, ताई पैलवान घेऊन समोर बसतील. मी त्यांच्यावर दया म्हणून एकही बाण मागे ठेवणार नाही.

तुमचा, तुमच्यावर अजून चिडलेला साडू,
संतोष
घनसावंगी