फाटकाबाहेरून पाहिलेला सामना

प्रिय राजेश्वरी,

रविवारी आपण फोनवर बोललो, तरी हे लिहायला बसलोय. फोनवर तू बीपीच्या गोळीचं विचारतेस, मी ऊस तुटून गेल्याचं सांगतो आणि मग दोघांनाही पुढचं सुचत नाही. तुझी आई होती तेव्हा मधलं सगळं ती बोलायची. तिला जाऊन आता तिसरं वर्ष. एकट्यापुरत्या भाकरी जमतात, आमटी मात्र अजून दोघांची होते. उरलेली सकाळी खातो. बाकी कोरेगावात सगळं ठीक.

तू नववीत होतीस ते दिवस हल्ली फार आठवतात. रोज पहाटे रहिमतपूरच्या रस्त्यानं तू पुढं पळायचीस आणि मी मोटारसायकलवरून मागं, हातात स्टॉपवॉच. पलटणीत मी जवान पळवले होते, मला तेवढंच येत होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेआधी आठवडाभर तू सांगत होतीस, "आबा, नडगी लय दुखतिया." मी म्हणायचो, "फौजीची पोर हायेस. पळाय लागलीस की न्हाई दुखायचं." आई तुझ्या पायाला तेल चोळायची आणि माझ्याकडं बघायची. मी तिच्याकडं बघायचं टाळायचो.

साताऱ्याच्या मैदानावर आठशे मीटरच्या शेवटच्या वळणाला तू पडलीस. मी कठड्यावर चढून ओरडलो, "ऊठ! ऊठ की!" आईनं सदरा धरून मला खाली ओढलं. तू उठलीस, लंगडत शेवटची आलीस. आई एसटीनं आली, तुला मी गाडीवर घेतलं आणि कोरेगाव येईपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. मागं बसून तू रडत होतीस, ते माझ्या पाठीला कळत होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून हाडातली चीर दाखवली. "हिनं दुखतंय म्हणून सांगितलं नव्हतं का?" त्यांनी मला विचारलं. माझ्याआधी तूच म्हणालीस, "न्हाई सांगितलं." बापाची लाज राखायला चौदा वर्षांची पोर खोटं बोलली. तिथंच मी तुझी माफी मागायला हवी होती. मी विचारलं काय, तर प्लास्टर कधी निघेल.

प्लास्टर निघालं आणि तू बूट शाळेत सरांना देऊन आलीस. पुन्हा पळाली नाहीस. बारावीनंतर सांगलीला मावशीकडं गेलीस, लग्नही तिकडंच झालं. या सगळ्याबद्दल आपण कधीच बोललो नाही.

मागच्या आठवड्यात जावयांचा फोन आला होता. वीरधवलरावांच्या तोंडून निसटलं, की आपली सृष्टी खो-खो खेळते आणि शनिवारी सांगलीत शाळेच्या मैदानावर तिचा सामना आहे. लगेच गडबडले, म्हणाले, "आबा, मी सांगितलं म्हणू नका." तू त्यांना का बजावलं असशील ते मला कळलं. तुझं चुकलं नाही. पण राहवलं नाही गं. शनिवारी पहिली एसटी धरली, कराडला गाडी बदलली आणि मैदानाच्या फाटकाबाहेर रसाच्या गाड्यापाशी उभा राहिलो. नात मैदानात उतरली तशी बाद झाली. तोंड पाडून तुझ्याकडं येत होती आणि इकडं माझ्या मुठी वळल्या होत्या. तू मात्र तिच्या गुडघ्यावरची माती झटकलीस, पाणी दिलंस आणि काहीतरी विचारलंस. काय विचारलंस ते ऐकू आलं नाही. पण ती हात नाचवत सांगायला लागली, तू ऐकत राहिलीस आणि मग दोघी हसलात. तुझा हात तिच्या पाठीवर होता. मी आत आलो असतो तर तो निघाला असता, या भीतीनं तसाच मागं फिरलो. गाडीत जागा मिळाली, पण कराडपर्यंत मला मान वर करता आली नाही. तुला मी यातलं काहीच दिलं नव्हतं, राजे. तू ते कुठून आणलंस? माझं चुकलं, हे सांगायला मी वीस वर्षं लावली. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही. पण तिचा पुढचा सामना कधी आहे ते तू स्वतः कळवलंस, तर येईन. कुठं बसायचं ते तूच सांग.

तुझाच,
आबा